कॉम्प्युटर, ईमेल आणि भानगडी : विद्यापीठात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरला बसतो. परीक्षा फॉर्म, शिष्यवृत्ती, पीएचडीचं रजिस्ट्रेशन, काहीही अडलं की लोक आमच्या दारात, आणि निम्म्या वेळेस अडचण वेगळीच निघते, मेल उघडेना म्हणून आलेल्या पोराचा मेल तिसराच कुणीतरी वापरत असतो. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढलं. क्रमबिम काही नाही, आठवलं तसं लिहिलंय. एक आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं आलेली फसवणुकीची प्रकरणं आठवायला बसलो की बहुतेक कुठल्या ना कुठल्या शेवटच्या तारखेच्या आगंमागंच सापडतात. साईट चालेना, गावाकडं रेंज नाही, उत्पन्नाचा दाखला अजून तहसीलमध्येच, अशा वेळी माणूस वाचत नाही, नुसता दाबत सुटतो. चोराला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

सर, माझा ईमेल बारावीनंतर फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्या दादानं काढून दिलता, पासवर्ड बी त्याच्याकडंच आहे. काही बिघडतं का?

बिघडतं. आणि हा प्रश्न पहिला घेतला कारण आमच्याकडं सगळ्यात जास्त हाच येतो. जालना, बीड, हिंगोली, कुठूनही पोरं येऊ द्या, पहिला ईमेल झेरॉक्सच्या दुकानात निघालेला असतो. दादा वाईट असतो असं नाही, त्याच्यापुढं पन्नास पोरं उभी असतात, तो सगळ्यांना एकच पासवर्ड देतो, नाव आणि पुढं ॲट १२३, आणि रिकव्हरीला कधी कधी स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो कारण ओटीपी पटकन बघता येतो. आता याच ईमेलवर तुमचं क्रेडिट जमा होणारं एबीसी आयडी, डिजिलॉकर, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी, उद्या नोकरीचा अर्ज, सगळं लटकलेलं. म्हणजे घर तुमचं आणि किल्ली चौकातल्या दुकानात.

तर आज संध्याकाळी एवढं करा. आधी आत जाऊन पासवर्ड बदला. मग सिक्युरिटीमध्ये रिकव्हरीचा मोबाईल आणि रिकव्हरीचा ईमेल कुणाचा आहे ते बघा, आपला नसला तर काढा आणि आपला टाका. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, रिकव्हरी नंबर त्याचा राहिला तर तो दोन मिनिटांत परत आत. मग 'युअर डिव्हायसेस' उघडा, अनोळखी कॉम्प्युटर दिसले की साईन आऊट. शेवटी जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, कारण तिथं एखादा दुसरा पत्ता टाकून ठेवलेला असला तर तुमचा प्रत्येक मेल गुपचूप तिकडं जात राहतो, पासवर्ड बदलला तरी. हे आमच्याकडं एका पीएचडीच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत झालंय, वर्षभर जात होते मेल, तिला पत्ताच नव्हता.

आणि जुनं सिम बंद पडलं असेल तर तो नंबर रिकव्हरीतून काढाच. बंद झालेला नंबर साधारण ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, मग तुमचे ओटीपी परभणीतल्या कुण्या अनोळखी काकांना जाणार.

विद्यापीठाचा मेल आयडी कशाला घ्यायचा? जीमेल आहे की.

दोन कारणं. पासवर्ड विसरलात तर विद्यापीठाचा मेल आम्ही आयकार्ड बघून इथंच रिसेट करून देऊ शकतो, तुमच्या खाजगी जीमेलला आमचा हात पोचत नाही, कितीही विनवण्या केल्या तरी. दुसरं म्हणजे डॉट एसी डॉट इन हा पत्ता कुणीही उठून विकत घेऊ शकत नाही, तो अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था देते, फक्त शिक्षणसंस्थांना, कागदपत्रं तपासून. म्हणून त्या पत्त्याला वजन आहे. पण लक्षात ठेवा, शिक्षण संपलं की तो आयडी बंद होऊ शकतो, तेव्हा थिसिस, डेटा, गाईडशी झालेला पत्रव्यवहार आधीच काढून घ्या. दरवर्षी कुणीतरी येतंच रडत.

'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, २४ तासांत खालील लिंकवर लॉगिन करा नाहीतर खाते बंद होईल' असा मेल आलाय. करू का?

नका करू. आम्ही असा मेल कधीच पाठवत नाही, पासवर्ड मागत नाही, फोनवर नाही, मेलवर नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. मेलबॉक्स खरंच भरला तर मेल उघडल्यावर खाली किती जागा उरली ते दिसतंच.

आता ओळखायचं कसं ते जरा नीट सांगतो, कारण 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका' एवढं सांगून कुणाला काही उमजत नाही, अहो विद्यापीठाची खरी लिंक तरी कुठं ओळखीची वाटते! पत्ता डावीकडून वाचू नका. डावीकडचं काहीही लिहिता येतं. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, मग जी पहिली एकटी तिरपी रेघ येईल तिथं बोट ठेवा आणि तिथून मागं या. बोटाच्या लगेच मागं डॉट एसी डॉट इन आणि त्याच्या मागं विद्यापीठाचं नाव असेल तर ठीक. पण विद्यापीठाचं नाव, डॉट एसी डॉट इन, आणि त्याच्यापुढं परत डॉट लॉगिन-काहीतरी डॉट टॉप असं असेल तर मालक तो शेवटचा आहे, विद्यापीठ नुसतं शोभेला. घराच्या दारावर 'कलेक्टर ऑफिस' असं खडूनं लिहिलं म्हणून ते कलेक्टर ऑफिस होत नाही.

कुलपाचं चित्र दिसतंय म्हणून साईट खरी, हे तर डोक्यातून काढूनच टाका. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की मधे कुणी वाचत नाही. पलीकडं चोरच बसला असेल तर तुमचा पासवर्ड चोराकडं अगदी सुरक्षित पोचतो. असलं सर्टिफिकेट फुकट मिळतं, चोरालाही. लोकांचा हा गैरसमज जाईना म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

मोबाईलवर अजून अवघड, तिथं पत्ता अर्धाच दिसतो. मोबाईलवर लिंक दाबून धरा, पूर्ण पत्ता वर येतो. नाहीतर सरळ लिंक सोडा, ब्राउझर उघडा आणि विद्यापीठाची साईट हातानं टाका.

पण मेल आमच्या एचओडी सरांच्या खऱ्या आयडीवरूनच आलाय की!

येणारच. सर आधी फसलेत. चोराला एक खातं मिळालं की तो पैशाच्या मागं लगेच लागत नाही, त्याच खात्यातून सगळ्या विभागाला तीच लिंक पाठवतो, कारण सरांचा मेल आला म्हटल्यावर कोण उघडणार नाही? आमच्याकडं परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी एका क्लार्कनं दुपारी दोनच्या सुमारास असली लिंक दाबली आणि चार वाजेपर्यंत त्याच्या खात्यातून शेकड्यानं मेल गेले, मग बाहेरच्यांनी आमच्या मेलला स्पॅम म्हणायला सुरुवात केली आणि खरे हॉलतिकीटचे मेलसुद्धा पोरांच्या स्पॅममध्ये जाऊ लागले. एका क्लिकचं निस्तरायला आठवडा गेला.

पाठवणाऱ्याच्या जागी कुलगुरू सरांचं नाव आहे. 'मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, तातडीचं काम आहे' असं लिहिलंय.

जुनी युक्ती. आंतरदेशीय पत्राच्या मागं पाठवणाऱ्याचं नाव लिहायची जागा असायची, तिथं तुम्ही राष्ट्रपतींचं नाव लिहिलं असतं तरी पोस्टमननं पत्र आणून दिलंच असतं. ईमेल तसाच आहे. ज्या नियमांवर तो चालतो ते १९८२ सालचे, तेव्हा नेटवर्कवर मोजकी माणसं, सगळी एकमेकांच्या ओळखीची, खोटं नाव कोण लिहील असं कुणाला वाटलंच नाही. नंतर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असली ठिगळं लावली, ती कामाची आहेत, पण ती पत्त्याची तपासणी करतात, नावाची नाही. कुणीही नवा जीमेल काढून त्याला नाव 'कुलगुरू' देऊ शकतो आणि तुमच्या मोबाईलवर नुसतं नावच दिसतं. नावावर बोट दाबा, खालचा पत्ता बघा.

पुढं काय होतं ते ठरलेलं आहे. तुम्ही 'हो सर' म्हणता, मग सर म्हणतात पाहुण्यांना द्यायला गिफ्ट कार्ड पाहिजेत, घेऊन नुसते कोड पाठवा, संध्याकाळी पैसे देतो. आपल्याकडं साहेबाला उलटून विचारायची सवय नाही ना, त्यावरच हा धंदा चालतो. उलटून विचारा. त्या मेलला उत्तर देऊन नाही, ऑफिसच्या लँडलाईनवर फोन करून, नाहीतर शिपायामामाला विचारून की साहेब कुठंयत.

शिष्यवृत्ती अडकलीय म्हणून फोन आला, एक रुपया पाठवून खातं व्हेरिफाय करा म्हणायलेत.

ठेवा फोन. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात आपोआप येतात, त्यासाठी कुणाला काही पाठवावं लागत नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार, येणार नाहीत, कधीच नाही. हे घरी आईला-बापाला पण सांगा, तुमच्या नावानं फोन त्यांनाच येतो, 'तुमच्या मुलीची स्कॉलरशिप मंजूर झालीय' म्हणून, आणि नाव, कॉलेज, वर्ग, सगळं बरोबर सांगतात. कुठून मिळतं त्यांना? अहो, निवड यादी मोबाईल नंबरासकट पीडीएफ करून नोटीस बोर्डावर आणि ग्रुपवर कोण टाकतं? आपणच. विभागातल्या लोकांना हात जोडून सांगतो, यादीत नंबर आणि आधार टाकू नका, पीआरएन म्हणजे नोंदणी क्रमांक पुरे.

आणि एखादा म्हणाला की 'मी मदत करतो, हे स्क्रीन दिसणारं ॲप टाका', तर टाकू नका. ते ॲप खोटं नसतं, आम्ही पण वापरतो. पण ते चालू असताना तुमची स्क्रीन, म्हणजे येणारा ओटीपीसुद्धा, पलीकडच्याला दिसतो.

पैसे गेलेत. आता?

१९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन. आधी हा नंबर लावा, मग बाकी वाचा. लागत नसेल तर लावत राहा, दुसऱ्या फोनवरून बँकेचा नंबर लावा, आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका. घाई एरवी वाईट, इथं मात्र करायचीच. तुमचे पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे मिनिटामिनिटाला पळवले जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात, मधे कुठं सापडले तर बँक ते तिथंच गोठवते. रात्रभर रडून सकाळी सांगितलं तर गोठवायला काही उरत नाही. जवळ काय ठेवायचं, तर व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ, रक्कम, समोरच्याचा नंबर, स्क्रीनशॉट. चॅट डिलीट करू नका, लाज वाटते म्हणून बरेच जण करतात आणि पुरावा घालवून बसतात.

मित्र म्हणतोय, तुझं बँक खातं दे वापरायला, महिन्याला पाच हजार मिळतील.

वरच्या उत्तरात ती तीन-चार खाती सांगितली ना, ती अशीच असतात. खातं, एटीएम, सिम असं किट करून पोरं देऊन टाकतात, पाच हजारात, आणि मग दुसऱ्या राज्यातले पोलीस हॉस्टेलच्या दारात. नाव तुमचं, केवायसी तुमचं, मित्र गायब. आयटी कायद्याचं कलम ६६डी, तोतयेगिरी करून फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि एक लाखापर्यंत दंड. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरानं तर याच्या सावलीलाही उभं राहू नये, चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा पुरतो.

पासवर्ड कसला ठेवायचा? कॅपिटल, आकडा, चिन्ह, सगळं टाकलं तरी लक्षात राहीना.

लांब ठेवा, एवढंच. आपल्याकडं निम्मे पासवर्ड देवाचं नाहीतर महापुरुषाचं नाव, मग ॲट, मग १२३ किंवा जन्मसाल, असेच असतात आणि हे चोराच्या यादीत पहिल्या पानावर आहे. त्यापेक्षा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द जोडा, कढी, टिटवी, ट्रॅक्टर, चष्मा, असे काहीतरी, इंग्रजी अक्षरांत लिहून. हे उदाहरण घेऊ नका, ते आता सगळ्यांनी वाचलंय. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती आता जाणकार करत नाहीत, अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ पासूनच सांगितलंय की गळाल्याचा पुरावा असेल तर बदला, उगाच बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा एकनं वाढवतात. खरंय, आम्ही पण तेच करायचो.

मुख्य गोष्ट, ईमेलचा पासवर्ड दुसरीकडं कुठंच वापरू नका. कुठल्यातरी फालतू नोट्सच्या साईटवरून यादी फुटते, चोर तीच जोडी सगळीकडं लावून बघतो. लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर वापरा, ते नको वाटलं तर घरी कपाटात वहीत लिहा, चालतं. कीबोर्डखाली चिठ्ठी नाही चालत. एका विभागात तर भिंतीवर वर्षाच्या कॅलेंडरवर पासवर्ड लिहिलेला आणि त्याच भिंतीपुढं उभं राहून सत्काराचा फोटो काढलेला, फोटो फेसबुकवर!

टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपी, चालू केलं तर गावाकडं रेंज नसताना काय करू?

एसएमएस ऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरा. त्याला रेंज लागत नाही, नेट लागत नाही. सुरुवातीला स्कॅन केलेला गुप्त कोड आणि घड्याळातली वेळ यावरून मोबाईल स्वतःच दर ३० सेकंदाला आकडा काढतो, फक्त मोबाईलची वेळ बरोबर पाहिजे. शिवाय बॅकअप कोड देतात ते छापून मार्कशीटच्या फाईलमध्ये ठेवा, मोबाईल बसमध्ये पडला तर तेच कामाला येतात.

प्रिंट काढायला पेनड्राईव्ह दुकानात लावला, आता सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. डेझर्टेशन गेलं का माझं?

नाही गेलं, रडू नका. हा आपल्याकडचा राष्ट्रीय रोग आहे, विद्यापीठाच्या गेटसमोर झेरॉक्सची रांग असते ना, तिथल्या एका कॉम्प्युटरला दिवसाला शंभर पेनड्राईव्ह लागतात. हा व्हायरस तुमचे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो, शॉर्टकट दाबला की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. शॉर्टकट दाबू नका. आमच्याकडं आणा, किंवा स्वतः करायचं तर फोल्डर ऑप्शनमध्ये 'हिडन फाईल्स दाखवा' चालू करा आणि खालची 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स लपवा' ही टिक काढा, नुसतं पहिलं केलं तर दिसत नाहीत, इथंच बरेच अडकतात. आपल्या फाईली कॉपी करा, त्यातलं कुठलंही ईएक्सई किंवा शॉर्टकट घेऊ नका, मग पेनड्राईव्ह फॉरमॅट.

पुढच्या वेळेस प्रिंटचा पेनड्राईव्ह वेगळा ठेवा, त्यात फक्त पीडीएफ. थिसिसचा पेनड्राईव्ह दुकानात न्यायचाच नाही.

आणि जिथं फोल्डर ऑप्शन उघडलंय तिथंच फाईलचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटच्या डॉटपुढची अक्षरं, दाखवायचं पण चालू करा. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा मेल जगभर पसरला, त्यातली फाईल नावानं टीएक्सटी दिसायची, साधी चिठ्ठी, पुढचं व्हीबीएस, म्हणजे हा प्रोग्राम आहे याची खूण, विंडोज लपवून ठेवायचं. इतकी वर्षं झाली, 'रिझल्ट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अजून येतोय आणि लोक अजून दाबतायत.

पीएचडीचं ॲनालिसिस करायला एसपीएसएस पाहिजे, सीनियर क्रॅक देतोय.

क्रॅक चालवायच्या आधी तो 'अँटिव्हायरस बंद करा' म्हणतो का? म्हणतो. मग विचार करा, घरफोड्या म्हणतोय कुत्रं बांधून ठेवा. साध्या टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, रिग्रेशनला जास्प नाहीतर पीएसपीपी फुकट आहे, पीएसपीपी दिसतं पण बरंचसं एसपीएसएससारखंच. हात बसला तर आर शिका. लिहायला लिब्रेऑफिस, संदर्भांना झोटेरो. मराठी विषयवाल्यांनी फुकट फॉन्टसाठी कुठल्याही साईटवरून झिप उतरवू नये, युनिकोडमध्ये लिहा, फॉन्ट विंडोजमध्ये आहेतच. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर जे काही दिसतं त्याचा त्रास व्हायरसपेक्षा कमी नसतो.

सगळ्या फाईलींची नावं बदललीत आणि डॉलर मागायलेत!

रॅन्समवेअर, म्हणजे फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. नेटची वायर उपटा, वायफाय बंद, बाहेरची डिस्क काढा. फॉरमॅट मारू नका, पैसे देऊ नका, आम्हाला बोलवा. 'नो मोअर रॅन्सम' नावाची साईट आहे, २०१६ मध्ये युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांना घेऊन सुरू केली, काही जातींच्या रॅन्समवेअरच्या चाव्या तिथं फुकट मिळतात. काहींच्याच, सगळ्यांच्या नाही.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर आलं तेव्हा १५० च्या आसपास देशांत कॉम्प्युटर बंद पडले, ३०० डॉलरचे बिटकॉइन मागायचं. गंमत म्हणजे त्यावरचं औषध मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं, १४ तारखेला. ज्यांनी 'रिमाइंड मी लेटर' दाबलं ते गेले. आपल्याकडं अपडेट म्हणजे कामाच्या वेळेला येणारं संकट असंच वाटतं, लाईट जायच्या भीतीनं तर कुणी चालूच करत नाही. दुपारच्या सुट्टीत यूपीएसवर लावून ठेवा.

बॅकअपचं सांगायचं तर तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, एक दुसऱ्या गावात किंवा गुगल ड्राईव्हवर. कायम लावून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, रॅन्समवेअर तिच्यावरही जातं. एका गाईड सरांनी आपल्या सहा विद्यार्थ्यांचा डेटा एकाच लॅपटॉपवर ठेवला होता, बाकी काय झालं असेल ते ओळखा.

लॅबमधले कॉम्प्युटर विंडोज ७ वर आहेत, चालतंय की.

चालतंय, पण विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाका, ब्राउझर आणि टायपिंगला काही फरक पडत नाही. निविदेची वाट बघण्यात दोन वर्षं जातात, लिनक्स टाकायला एक दुपार.

दोन अँटिव्हायरस टाकले तर डबल सेफ?

नाही, दोघं एकमेकांनाच चोर समजतात आणि कॉम्प्युटर बसतो. विंडोजमधलं डिफेंडर पुरतं. व्हायरस घुसलाच वाटलं तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर काढायची टूल्स फुकट आहेत.

'तीन दिवसांत पेपर छापून देतो, इम्पॅक्ट फॅक्टर ७, फक्त १५०० रुपये' असे मेल रोज येऊलालेत.

यात व्हायरस नसतो पण खिसा कापला जातोच. तीन दिवसांत कुठलाही माणूस तुमचा पेपर वाचत नाही, यादी बघून ठरवायची सवय होती ती पण आता कामाची नाही, यूजीसीनं २०१९ मध्ये सुरू केलेली मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली. अजून एक प्रकार आहे, खऱ्या जुन्या जर्नलच्या नावाची हुबेहूब खोटी साईट काढतात, आयएसएसएन पण खराच लावतात. तेव्हा मेलमधल्या लिंकवरून पेपर पाठवूच नका, लायब्ररीत जाऊन ग्रंथपाल मॅडमना विचारा, त्यांना हे आमच्यापेक्षा जास्त कळतं.

वर्गाच्या ग्रुपवर लग्नपत्रिका आली, उघडली तर ॲप टाका म्हणायलाय.

पत्रिका ही फोटो असते नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप, आणि ते टाकलं की तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे बँकेचे ओटीपी. लग्नसराईत पत्रिका, पावसाळ्यात पीक विमा आणि पीएम किसान, जूनमध्ये ॲडमिशन लिस्ट, हंगामाप्रमाणं नाव बदलतं. टाकलं असेल तर नेट बंद करा, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. आणि ज्याच्या नंबरवरून आलं त्याला शिव्या देऊ नका, फोन करून सांगा, त्याला माहीतच नसतं.

लॅबमध्ये लॉगआऊट करायचं विसरलो, आता गावी आलोय.

गावातून पण होतं. गुगलच्या 'युअर डिव्हायसेस'मधून ते मशीन साईन आऊट करा आणि व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' बघा. पुढच्या वेळेस इनकॉग्निटो विंडो, आणि 'पासवर्ड सेव्ह करू का' ला नाही.

क्लिक करून पासवर्ड बी टाकून बसलो. सरांना सांगितलं तर बोलणी बसतील, गप्प बसलं तर चालेल का?

आधी पासवर्ड बदला, मग लगेच आमच्याकडं या. बोलणी बसणार नाहीत, निदान आमच्या टेबलावर तरी नाही. खरं सांगू का, आमच्या सेंटरमधल्या एकानंही असलीच लिंक दाबलीय, तो मीच. मार्चएंडचं बिलांचं काम, डोळे मिटायला लागलेले, कुरिअरचा मेल, दाबला. पाच मिनिटांत कळलं म्हणून वाचलो. गप्प बसलेल्या माणसामुळं जे होतं ते वर क्लार्कच्या गोष्टीत सांगितलंच, त्यानं दोनला सांगितलं असतं तर सव्वादोनला खातं बंद केलं असतं, त्यानं सांगितलं सोमवारी. आणि हे नुसतं आमच्या सोयीचं नाही, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणं संस्थेला असल्या घटना कळल्यापासून ६ तासांत वर कळवाव्या लागतात, आम्हालाच कळलं नाही तर कळवणार काय?

विभागप्रमुखांना एक विनंती, सांगायला आलेल्या माणसाला मेमो देऊ नका. एकाला दिलात की पुढचे दहा जण येत नाहीत.

लॅबच्या कॉम्प्युटरला मोबाईल चार्जिंगला लावला तर व्हायरस येतो का?

फोननं 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का' विचारलं तर नाही म्हणा, मग नुसतं चार्जिंग होतं. पण लावूच नका, एका मशीनला चार-चार फोन लटकवता आणि मग यूएसबी पोर्ट ढिले झाले म्हणून तक्रार पण तुम्हीच करता. चार्जिंगचा बोर्ड दाराजवळ आहे, खुर्चीच्या मागं.